उचलीच्या वहीतला दवाखाना

पाइपाचा फ्लँज उघडताना आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी सैल करायचा. आत वाफ कोंडलेली असली तर ती पलीकडच्या बाजूने फुसकन निघून जाते, आपल्या अंगावर येत नाही. हे मला आयटीआयमध्ये शिकवलं, मुरबाड एमआयडीसीतल्या उस्तादाने कानाखाली वाजवून पुन्हा शिकवलं, आणि जहाजावर तर ते रोजचंच होतं. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये, अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या अलीकडे दोन दिवसांच्या अंतरावर, मी जवळचा बोल्ट आधी सैल केला. का केला, ते आजही सांगता येत नाही. लाइन बंद आहे असं मला सांगितलेलं होतं. व्हॉल्व्ह बंद दिसत होता, पण आतून पास होत होता. सात बारची वाफ म्हणजे साधारण १७० अंश. ती दिसतसुद्धा नाही. जे पांढरं दिसतं ते वाफ थंड झाल्यावरचं धुकं असतं. मला आधी आवाज आला आणि मग उजवा हात कोपरापर्यंत माझा राहिला नाही.

मी मुरबाड तालुक्यातला, धसईकडचा. आमच्याकडे बोट म्हटलं की लोकांना बारवी धरणातली होडी आठवते. रत्नागिरीकडे घरटी एक खलाशी सापडेल, पण आमच्या गावात जहाजावर गेलेला मीच पहिला आणि बहुतेक शेवटचा. फिटर ट्रेड, मग सहा वर्षं कंपनीत, मग एका मित्राच्या नादाने मुंबईत कोर्स करून सीडीसी काढली. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, ते असल्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येत नाही. आता सरळगावच्या रस्त्याला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, शटर, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. ग्राइंडर डाव्या हाताने धरतो.

हा लेख माझ्या हातासाठी लिहीत नाही. माझ्या हाताचे पैसे मला मिळाले. ते का मिळाले आणि माझ्या घरापासून तासाभरावर वीटभट्टीत गुडघ्यापर्यंत भाजलेल्या पोराला का मिळत नव्हते, ते सांगायचं आहे.

भाजल्याबरोबर काय झालं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. इंजिनरूममधल्या मोटरमनने मला ओढत नेऊन गोड्या पाण्याच्या नळाखाली हात धरायला लावला. मी हात काढायला बघत होतो, त्याने मनगट सोडलं नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं. घड्याळ माझंच, त्याने आधी ते काढून घेतलं होतं, कारण सूज आली की अंगठी नि पट्टा मांसात रुततो. बर्फ नाही, मलम नाही, नुसतं पाणी. व्यापारी जहाजावर डॉक्टर नसतो. शंभर किंवा जास्त माणसं असतील आणि प्रवास तीन दिवसांपेक्षा लांबचा असेल तरच तो सक्तीचा. आम्ही बावीस जण. औषधपेटी सेकंड ऑफिसरकडे. कॅप्टनने उपग्रह फोनवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरला विचारलं, सेकंड ऑफिसरने पट्टी बांधली. आणि एक गोष्ट त्यांनी केली, तिची किंमत मला त्या वेळी कळली नाही. तासाभरात लॉगबुकात नोंद केली आणि अपघाताचा अहवाल लिहिला. वेळ, जागा, कुठला व्हॉल्व्ह, कोण हजर होतं. खाली माझा डाव्या हाताचा अंगठा.

जहाजांवर भाजण्याचे प्रकार ठरलेले. बॉयलरची वाफ, प्युरिफायरमधलं जड तेल, जे ९८ अंशांपर्यंत तापवलेलं असतं, इंजिनाच्या तापलेल्या एक्झॉस्टवर उडालेलं इंधन, गॅलीतली म्हणजे स्वयंपाकघरातली कढई, टाकीत वेल्डिंग करताना राहिलेला वायू, स्विचबोर्डातली ठिणगी. म्हणूनच २२० अंशांवर तापणारा कुठलाही भाग झाकलेला असला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि इंजिनाच्या उच्च दाबाच्या इंधननळीवर दुसरी नळी चढवलेली असते. नियम खूप आहेत. ते पाळले जातात तोवर बरं.

जहाजावरची आग काय करते हे कळायला मुंबईला दोन आठवणी पुरतात. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात एकाच वेळी कापूस आणि सुमारे १४०० टन दारूगोळा होता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले, म्हणून १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. गोदीतले मजूर किती गेले त्याचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी आठवण २७ जुलै २००५ ची. मुंबईत पुराचं पाणी अजून ओसरलं नव्हतं आणि इकडे अरबी समुद्रात ‘मुंबई हाय नॉर्थ’चा तेलफलाट पेटला. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली होती, त्याला फलाटावर हलवायला जहाज जवळ आलं, लाटेने फलाटाच्या गॅसवाहिनीवर आदळलं, आणि दोन तासांत अख्खा फलाट समुद्रात. २२ जण गेले, ३६२ वाचले. एका माणसाच्या कापलेल्या बोटांसाठी जहाज वळवतात, हे जहाजावरचं रीतीचं वागणं. त्या दिवशी त्याचा शेवट असा झाला, पण रीत चूक नव्हती.

माझ्यासाठीही जहाजाने वेग वाढवला. फुजैराला उतरवलं, तिथल्या इस्पितळात अकरा दिवस, मग विमानाने मुंबई, मांडीची कातडी काढून हाताला लावली. एक रुपया माझ्या खिशातून गेला नाही. हे कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. ‘मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन’ म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा. भारताने तो २०१५ च्या ऑक्टोबरात मान्य केला. त्याचं सार इतकंच, की नोकरीवर असताना खलाशी आजारी पडला किंवा जखमी झाला तर उपचार, जेवण, राहणं आणि घरी परत पाठवणं हा खर्च जहाजमालकाचा. घरी पोचेपर्यंत पूर्ण पगार, पुढचा पगार करार आणि देशाचा कायदा ठरवेल तसा. पण ही जबाबदारी सोळा आठवड्यांच्या आत संपवता येत नाही. कायमचं अपंगत्व आलं तर करारात लिहिलेली भरपाई. आणि मालक बुडाला तरी पैसे मिळावेत म्हणून विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे, हे जानेवारी २०१७ पासून. आमच्या मेसरूमच्या बाहेर ते लटकलेलं होतं. मी त्याच्यासमोर उभा राहून शंभरदा चहा प्यायलो असेन, वाचलं एकदाही नव्हतं.

या कराराला जहाजावर ‘एमएलसी’ म्हणतात. महाराष्ट्रात एमएलसी म्हणजे विधान परिषदेचा आमदार. आणि सरकारी दवाखान्यात एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची केस, मेडिको-लीगल. भाजलेल्या माणसाला यातली पहिली आणि तिसरी लागते. दुसऱ्याचा फोन लागला तर बघायचं.

मुंबईत एजंटने कागद पुढे केला. ‘फुल अँड फायनल’. त्यात रक्कम होती आणि खाली ओळ होती की यापुढे माझा कसलाही हक्क नाही. रक्कम करारातल्या आकड्याच्या अर्धीसुद्धा नव्हती. सही करा, आजच चेक. माझा उजवा हात पट्टीत, अंगठा चालेल म्हणाले. मी म्हटलं, उद्या येतो. तो उद्या आला नाही. बॅलार्ड इस्टेटला युनियनच्या ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंनी एकच वाक्य सांगितलं: करारातली रक्कम पूर्ण द्यावीच लागते, कमी घ्या म्हणून दबाव टाकता येत नाही, आणि ती घेतली तरी कोर्टात जायचा तुमचा हक्क शाबूत राहतो. चार महिन्यांत पैसे आले. त्यातून दुकान झालं.

मी तिथे वरचेवर म्हणत होतो, ‘पण चूक माझी होती, मी जवळचा बोल्ट सोडला.’ बाईंनी शेवटी वैतागून विचारलं, ‘मुद्दाम सोडलात का?’

आता वीटभट्टी.

आमच्या भागातल्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. घराला काटकी लावून माणसं वाशिंद, पडघा, भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातात, पाऊस पडायच्या आत परततात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा शेठ किंवा मुकादम उचल देतो, कुणी बयाणा म्हणतात. नवरा-बायकोची जोडी हंगामभर विटा पाडून ती फेडते. हिशेब शेठच्या वहीत. आमचं धसई २०१६ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात झळकलं होतं, पण उचल कधी कॅशलेस झाली नाही.

जानेवारी २०२४. म्हसा गावच्या जत्रेच्या आगेमागे. वाडीवरचा पंचवीस वर्षांचा पोरगा, माझ्या दुकानात पावसाळ्यात हेल्परीला येणारा. भट्टी म्हणजे कच्च्या विटांचे थर, मध्ये कोळशाची भुकटी, बाहेरून मातीने लिंपलेलं. खालून पेटवली की आठवडा-दहा दिवस आतल्या आत धुमसते. वरून काही दिसत नाही, वाफेसारखंच. वर चीर पडली की कुणीतरी चढून राख-माती टाकून ती बुजवतं, नाहीतर विटा कच्च्या राहतात. हा चढला. वरचा थर खचला आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

पाणी नव्हतं असं नाही, टँकरचं होतं, पण त्यात विटांची माती कालवत होते. पायाला कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं. मुंबई ह्यांचं पाणी पिते. आणि एप्रिल आला की कसाऱ्याकडच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. भाजल्यावरचं पहिलं औषध नळाचं वाहतं पाणी, हे मी इथे कुणाला कुठल्या तोंडाने सांगू? तरी सांगतो. वाहतं नसेल तर हंड्याने हळूहळू ओता, पण वीस मिनिटं ओता. फोड फोडू नका, टूथपेस्ट, शाई, हळद, चुना काही लावू नका. स्वच्छ फडक्याने झाका आणि निघा.

शेठने त्याला टेम्पोत घालून एका खाजगी दवाखान्यात नेलं. वाईट माणूस नव्हता, लगेच नेलं हे खरं. पण केसपेपरावर लिहून घेतलं: ‘घरी चुलीवरचं गरम पाणी सांडून.’ पोलिसांना कळवलंच नाही. पोराने विचारलं तर म्हणे, उगाच लफडं नको.

मला कळलं पंधरा दिवसांनी. गेलो तर तो भट्टीवरच्या खोपटात पाय लांब करून बसलेला, बायको एकटी विटा पाडत होती. जखमेला वास येत होता. मी म्हटलं, खर्च कुणी केला? ती म्हणाली, ‘शेठनं केला ना. वहीत मांडलाय. फेडाया नको?’ तिने मला वही दाखवायला मुकादमाच्या पोराला हाक मारली, तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. वहीच्या पानावर पोराचं नाव, खाली उचल २५,०००, त्याखाली बाजाराची खर्ची दर आठवड्याची, आणि मग तारीख टाकून: ‘दवाखाना पाय भाजला १४,६००’. खाली बेरीज.

मी मोबाइलने त्या पानाचा फोटो काढला.

माझा दवाखाना जहाजमालकाच्या विम्यात गेला, ह्याचा ह्याच्या उचलीत. ही समजूत, की दवाखाना हे शेठच्या उपकाराचं देणं आहे, ते फिटलंच पाहिजे, ती शेठचीही होती, पोराचीही होती. खरं तर कायदा इथेही जहाजासारखाच आहे, आणि जुना आहे. १९२३ चा. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. चूक कामगाराची असली तरी. दारू प्यालेला असणं, किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, हे मालकाचे मुख्य बचाव आहेत, आणि मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाहीत. पाय घसरला, बोल्ट चुकला, ही निष्काळजी झाली. तिने हक्क जात नाही. २००९ च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकावर टाकला. २००० सालच्या दुरुस्तीने हंगामी, नैमित्तिक मजूरही त्यात आले. नेमणुकीचं पत्र लागत नाही, तोंडी ठरलेलं काम पुरतं. मुकादमाने आणलेला असला तरी मूळ मालक सुटत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, पण गाभा तोच राहिला. आणि उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं हे तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तसलं कर्जच कायद्याने रद्द होतं.

भरपाईचं गणित साधं आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पंचविशीला हा आकडा २१६.९१, चाळिशीला १८४.१७. मृत्यू असेल तर ६० च्या जागी ५० टक्के. मजुरी कितीही असो, या हिशेबात जानेवारी २०२० पासून १५,००० च्या वर धरत नाहीत. समजा मजुरी १२,००० आणि वय पंचवीस: ७,२०० गुणिले २१६.९१ म्हणजे १५,६१,७५२ रुपये. कमावण्याची ताकद चौथाईने कमी झाली असं डॉक्टरने लिहिलं तर त्याचा चौथा हिस्सा, ३,९०,४३८. वहीतले १४,६०० यापलीकडे, वेगळे. महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज आणि दंड.

इथे टक्क्यांचा घोळ होतो, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. भाजल्याचे टक्के वेगळे आणि अपंगत्वाचे वेगळे. डॉक्टर म्हणतो सात टक्के भाजलाय. म्हणजे अंगाच्या कातडीपैकी सात टक्के. आपला तळवा बोटांसकट धरला तर साधारण एक टक्का, अख्खा हात नऊ, पाय अठरा. शेठ म्हणतो, सातच टक्के ना, मग काय एवढं? पण फिटरचे दोन टक्के बोटांवर पडले तर त्याचा धंदा बसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ओडिशातल्या एका सुताराच्या खटल्यात हेच सांगितलं: डावा हात कोपराच्या वर तुटला, तर सुतार म्हणून तो शंभर टक्के निकामी. कायद्याच्या परिशिष्टात तुटलेल्या बोटांचे टक्के छापलेले आहेत, भाजलेल्या कातडीचे नाहीत. ते डॉक्टरने प्रमाणपत्रात लिहायचे असतात. एक मात्र छापलेलं आहे. चेहरा भयंकर विद्रूप झाला असेल तर थेट शंभर टक्के. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला बरं वाटलं. कातडीला कुणीतरी अवयवात धरलं होतं.

पोराला आम्ही शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला. आसनगावहून लोकल पकडली. पट्टीचा पाय मांडीवर घेऊन मी बसलो होतो, समोरची बाई उठून उभी राहिली. ऐरोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, कसं भाजलं? मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘भट्टीवर.’ तसं लिहिलं गेलं. पोलिसांकडे एमएलसी गेली.

एवढ्या एका शब्दाने दावा उभा राहिला. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आदिवासींना, बायकांना आणि वेठबिगारांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी चालतो. आमच्या दाव्यात समोरच्या वकिलाने पहिल्या दवाखान्याचा पेपर काढला: चुलीवरचं पाणी. पाणी सांडून पाय गुडघ्यापर्यंत सारखा कसा भाजेल, हे डॉक्टर सांगतीलच. पण त्यांचा दुसरा मुद्दा होता की हा आमच्या भट्टीवर कामालाच नव्हता.

तेव्हा मी फोटो दिला. उचल, खर्ची, तारीख, ‘पाय भाजला’. शेठच्याच अक्षरात.

दावा अजून ठाण्यात चालू आहे. पोरगा गेल्या पावसाळ्यात दुकानात आला, लंगडतो, पण वेल्डिंग धरतो. ह्या हंगामात तो भट्टीवर गेला नाही, बायको गेली नाही. वाडीतले बाकीचे गेलेत. जाण्याआधी सहा-सात जण दुकानात येऊन गेले. मी त्यांना कलमं सांगितली नाहीत. दवाखान्यात खरं सांगा, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, दोन वर्षं उलटायच्या आत दावा लावा, आणि शेठच्या वहीत तुमच्या नावाखाली दवाखाना मांडलेला दिसला तर भांडू नका, पान फाडू नका. फोटो काढून मला पाठवा.